अर्धेच मीठ घेणारी माती

स्वयंपाकघरातले मीठ वितळवायचे तर ते ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. सोडियम आणि क्लोराइड हे दोन्ही आयन लहान, गोल आणि एकमेकांशेजारी चपखल बसणारे. विरुद्ध प्रभारांची ती पकड सुटायला तेवढी उष्णता लागतेच. पण रसायनशास्त्राच्या लेखी धन आयन आणि ऋण आयन यांच्या जोडीतून बनलेला कोणताही पदार्थ मीठच, आणि अशी काही मिठे आहेत की जी खोलीच्या तापमानालाही बाटलीत तेलासारखी डुचमळत असतात. पॉल वाल्डेन या रसायनतज्ज्ञाने १९१४ साली अशा एका मिठाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे नाव इथाइलअमोनियम नायट्रेट, वितळणबिंदू फक्त १२ अंश. वाल्डेनला वितळलेल्या मिठातून वीज कशी वाहते ते मोजायचे होते आणि त्यासाठी भट्टी पेटवण्याची त्याची तयारी नव्हती. सोय म्हणून शोधलेली ही गोष्ट पुढे कित्येक वर्षे कोणी फारशी मनावर घेतली नाही.

आज १०० अंशांच्या खाली वितळणाऱ्या मिठांना आयनिक द्रव म्हणतात. ती इतक्या लवकर का वितळतात, याचे उत्तर आयनांच्या बेढबपणात आहे. ब्युटाइल-मिथाइल-इमिडाझोलियम हा या क्षेत्रात सर्रास वापरला जाणारा धन आयन घ्या. मध्ये नायट्रोजनचे दोन अणू असलेले पाच अणूंचे सपाट कडे, त्याच्या एका बाजूला एक कार्बन, दुसऱ्या बाजूला चार कार्बनांचे शेपूट. धनप्रभार एका जागी नाही, सगळ्या कड्यावर पसरलेला. असा आयन कोणाही शेजाऱ्याबरोबर नीट रचून बसत नाही, म्हणून स्फटिक कच्चा राहतो आणि थोड्या उष्णतेतच मोडतो.

वाल्डेननंतरचे सुरुवातीचे आयनिक द्रव बहुधा ॲल्युमिनियम क्लोराइड घालून बनवत. हवेतली जराशी दमट झुळूक लागली तरी ते बिघडायचे, त्यामुळे बंद पेटीत हातमोजे घालून काम करावे लागे. १९९२ मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को यांनी हवेत आणि पाण्यात टिकणारी इमिडाझोलियम मिठे तयार केली आणि मग मात्र या विषयाला पूर आला. हे द्रव जवळजवळ उडतच नाहीत, सहसा पेट घेत नाहीत, वीज वाहून नेतात. धन आयन एक, ऋण आयन दुसरा अशा जोड्या जुळवून हवा तसा द्रव घडवता येतो, ही तर संशोधकांच्या दृष्टीने मोठीच मोहिनी. या जोडी जुळवण्यावर ढीगभर शोधनिबंध लिहिले गेले. माझ्या मते मातीशी गाठ पडल्यावर नेमका तोच मुद्दा बाजूला पडतो, कारण चिकणमातीला या जोडीत काडीचा रस नसतो. ती त्यातला एकच जोडीदार उचलते.

हे समजायला मातीच्या आत शिरावे लागेल. चिकणमाती म्हणजे निव्वळ बारीक दळलेला दगड नव्हे. तिच्यात पत्रे असतात. मॉन्टमोरिलोनाइट हे त्यातले सर्वांत बोलके खनिज. फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलाँ गावावरून त्याला हे नाव मिळाले. बाजारात बेंटोनाइट म्हणून जी माती विकली जाते तिचा मुख्य घटक हाच. त्याचा एक पत्रा एक नॅनोमीटरहूनही किंचित पातळ, साधारण ०.९६ नॅनोमीटर. वर आणि खाली सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी, मध्ये ॲल्युमिनियमचा थर. लांबी-रुंदी मात्र जाडीच्या शेकडो पट. असे पत्रे एकावर एक रचलेले असतात, आणि सगळे पत्रे सुटे करून अंथरले तर एका ग्रॅम मातीचे क्षेत्रफळ साडेसातशे चौरस मीटरच्या आसपास भरते, म्हणजे कबड्डीची पाच मैदाने व्यापूनही थोडे उरेल एवढे.

आता या पत्र्यात निसर्गाने एक खोट ठेवली आहे. खनिज घडताना मधल्या थरात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसले. ॲल्युमिनियमवर तीन धनप्रभार, मॅग्नेशियमवर दोनच. प्रत्येक अशा जागी एक धनप्रभार कमी पडतो आणि पत्रा तेवढा ऋणप्रभारित राहतो. हा प्रभार स्फटिकाच्या हाडातच आहे, धुऊन तो जात नाही. मग पत्र्यांच्या मधल्या फटीत सोडियम, कॅल्शियम असे धन आयन येऊन राहतात आणि हिशेब जुळवतात. ते तिथे बांधलेले नसतात, नुसते राहायला आलेले असतात. दुसरे धन आयन आले की जागा सोडून निघतात.

ही अदलाबदल विज्ञानाला एका शेतकऱ्यामुळे कळली. यॉर्कशरमधले एच. एस. थॉम्पसन यांना प्रश्न पडला होता की खतातला अमोनिया पावसाने वाहून का जात नाही. त्यांनी अमोनियम सल्फेटचे द्रावण मातीतून गाळले. खाली उतरले ते मुख्यतः कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम! अमोनियम मातीने ठेवून घेतले आणि बदल्यात कॅल्शियम सोडले. सल्फेट जसे आले तसे निघून गेले. १८५० मध्ये जे. थॉमस वे या रसायनतज्ज्ञाने हेच प्रयोग नेटाने वाढवले आणि हे काम मातीतल्या चिकण अंशाचे आहे असे दाखवले. आयनिक द्रव त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते, पण पुढे येणाऱ्या गोष्टीचा गाभा या प्रयोगात होता.

आता तोच प्रयोग आजच्या प्रयोगशाळेत पाहू. दहा ग्रॅम सोडियमयुक्त मॉन्टमोरिलोनाइट पाण्यात ढवळत ठेवायचे. ते फुगते, पाणी दुधट आणि थोडे दाट होते. त्यात पावणेदोन ग्रॅमच्या आसपास ब्युटाइल-मिथाइल-इमिडाझोलियम क्लोराइड पाण्यात विरघळवून ओतायचे. दाटपणा बघता बघता मोडतो, गुठळ्या धरतात, माती खाली बसू लागते. काही तास ढवळून गाळायचे आणि मग धुवायला बसायचे. प्रत्येक धुण्याच्या पाण्यातले थोडे परीक्षानळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकतात. पांढरा साका आला की क्लोराइड अजून आहे, आणखी धुवा. पाणी नितळ राहिले की थांबायचे. हे काम कंटाळवाणे आहे आणि नवखे विद्यार्थी इथेच घाई करतात. त्याचे फळ पुढे भोगावे लागते, तिकडे येतोच.

हिशेब मांडला तर गंमत दिसते. दहा ग्रॅम मातीत बदलता येण्याजोगे आयन साधारण एक सहस्रांश मोलाच्या दहापट, म्हणजे ०.०१ मोल. त्यानुसार सुमारे ०.२३ ग्रॅम सोडियम बाहेर पडले आणि १.३९ ग्रॅम इमिडाझोलियम आत गेले. क्लोराइड मातीने घेतलेच नाही. ते धुण्याच्या पाण्यात सोडियमबरोबर गेले, आणि ते पाणी आटवले तर खाली अर्ध्या ग्रॅमहून थोडे जास्त साधे मीठ उरेल, ८०१ अंशांना वितळणारे. वरच्या गाळणकागदावर उरली ती कोरडी पूड. आयनिक द्रव म्हणून जे काही आणले होते ते या भांड्यात आता कुठेच नाही.

म्हणूनच तोच धन आयन वेगवेगळ्या ऋण आयनांबरोबर घेऊन मातीला दिला, तर जेमतेम पुरेल एवढ्या मात्रेत निकाल बराचसा सारखा येतो. मात्रा मातीच्या क्षमतेपेक्षा वाढवली की चित्र बदलते. उरलेले मीठ मग जोडीजोडीने आत शिरू लागते, विशेषतः लांब शेपटांचे, आणि तेव्हा ऋण आयनाचा स्वभाव जाणवायला लागतो.

सोडियम इतक्या सहज जागा का सोडतो? सोडियम स्वतःभोवती पाण्याचे रेणू घट्ट धरून असतो. इमिडाझोलियमचा प्रभार पसरट, पाण्याशी त्याचे नाते सैल. ऋणप्रभारित पत्र्याला असा उघडा, सपाट आयन जवळ घेणे सोपे जाते. शिवाय कडे पत्र्याला अंगभर टेकते, त्यामुळे प्रभारांच्या आकर्षणाला साध्या आंतररेण्वीय ओढीची जोड मिळते. फटीतले पाणी सुटून मोकळे होते तेही या अदलाबदलीच्या पथ्यावरच पडते. शेपूट जितके लांब तितकी ही पकड पक्की. आठ, बारा, सोळा कार्बनांच्या शेपटाचे आयन माती सहजी सोडत नाही.

आत गेलेला आयन कसा बसला आहे हे क्ष-किरणांनी कळते. पत्र्यांमधले अंतर जसे वाढते तसा विवर्तनाचा पहिला उंचवटा लहान कोनाकडे सरकतो. पूर्ण सुकवलेल्या सोडियम मातीत तांब्याच्या नळीचे क्ष-किरण वापरले तर तो सुमारे ९.२ अंशांना असतो. ब्युटाइल-इमिडाझोलियम गेल्यावर साडेसहा अंशांच्या आसपास येतो. म्हणजे पत्रा अधिक फट मिळून १.३ ते १.४ नॅनोमीटर. त्यातून पत्र्याची जाडी वजा केली की फट उरते ०.३५ ते ०.४ नॅनोमीटर, आणि इमिडाझोलियमच्या कड्याची जाडीही तेवढीच. आयन आत आडवा पडला आहे, उभा राहायला त्याला जागाच नाही. सोळा कार्बनांचे शेपूट असेल तर मात्र पत्रे आणखी दूर सारले जातात आणि फटीत शेपटांचे थर किंवा तिरक्या रांगा लागतात.

या आडव्या आयनाने मातीचा स्वभाव पालटतो. सोडियम माती पाण्याला पाहताच फुगते. हिचे मात्र तसे होत नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला फुगणारी माती म्हणजे काय ते सांगायला नको. दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन तयार झालेल्या आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइटच्या घराण्यातलीच खनिजे मुख्यत्वे असतात. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात चिखल, आणि अशा जमिनीवर उथळ पाया घेऊन बांधलेल्या घराच्या भिंतीला दरवर्षी नवा तडा. आयआयटी मुंबईत प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा जाड थर देण्याची पद्धत विकसित केली, आणि कालव्यांच्या कामात ती वापरली गेली. रस्त्यांसाठी चुना मिसळतात. त्यातले कॅल्शियम सोडियमला हटवते हा त्यातला एक भाग. आयनिक द्रव ओतून कोणी शेत किंवा रस्ता सुधारणार नाही, ते परवडणारच नाही. पण तेलविहिरी खोदताना शेल खडकातली माती पाणी पिऊन फुगते आणि भोक ढासळते, तिथे आजवर पोटॅशियम क्लोराइड घातलेला चिखल वापरत आले आहेत. त्याऐवजी थोड्या मात्रेत आयनिक द्रव घालून पाहण्याचे प्रयोग प्रयोगशाळांतून बरेच झाले आहेत. फुगणे कमी होते यात शंका नाही. पण पोटॅशियम क्लोराइड स्वस्त पडते, आणि खोदकामाच्या धंद्यात शेवटी किंमतच बोलते.

खरा उपयोग प्लास्टिकमध्ये निघाला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉनमध्ये जेमतेम चार-पाच टक्के मॉन्टमोरिलोनाइट मिसळले. पत्रे एकेक सुटे होऊन नायलॉनभर पसरले आणि ते नायलॉन अधिक ताठ, अधिक उष्णता सोसणारे झाले. पण माती पाणीप्रिय आणि प्लास्टिक तेलकट. दोघांचे जुळायला मातीत आधी लांब शेपटाचे सेंद्रिय आयन भरावे लागतात. ते बहुधा अमोनियमच्या वर्गातले असत, आणि ते साधारण २०० अंशांना मोडू लागतात. पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी प्लास्टिक २५० अंशांच्या वर तापवून हाताळावे लागते. तिथे पोचेपर्यंत मातीतले अमोनियम जळून प्लास्टिक तांबूस पडायचे. २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या गिलमन आणि सहकाऱ्यांनी अमोनियमच्या जागी इमिडाझोलियम भरले, तेव्हा तीच माती कितीतरी जास्त तापमान सोसू लागली. दोन नायट्रोजनांच्या मधल्या कार्बनवर एक मिथाइल गट बसवला की टिकाऊपणा आणखी वाढतो.

आणि आता ते धुण्याचे. मातीत क्लोराइड किंवा ब्रोमाइड मागे राहिले असेल तर तापवल्यावर ते शेपटाच्या मुळावरच हल्ला करते आणि आयन लवकर मोडतो. सिल्व्हर नायट्रेटची परीक्षा अर्धवट सोडलेल्याची माती भट्टीत अपेक्षेपेक्षा शंभरेक अंश आधी धूर सोडते, आणि दोष इमिडाझोलियमला जातो.

सगळ्या मात्या अशा जोडी फोडणाऱ्या नसतात. चिनी माती घ्या, तिच्यातले खनिज केओलिनाइट. त्याच्या पत्र्याला जवळजवळ प्रभारच नाही आणि पत्रे एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. एकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर अवघे ०.७२ नॅनोमीटर. इथे आयनांची अदलाबदल संभवत नाही, कारण बदलायला आत कोणी राहतच नाही. ओटावा विद्यापीठात डेटेलिए आणि लेताइएफ यांनी यावर सुरेख युक्ती काढली. आधी डायमिथाइल सल्फॉक्साइडचे रेणू आत घुसवायचे; ते हायड्रोजन बंधात शिरकाव करतात आणि अंतर १.१२ नॅनोमीटरवर नेतात. मग ही उघडलेली माती वितळलेल्या आयनिक द्रवात सुमारे १८० अंशांना तापवायची. सल्फॉक्साइड उडून जाते आणि त्याच्या जागी आयनिक द्रव शिरतो, पण या वेळी धन आणि ऋण दोन्ही आयन, सबंध जोडी. प्रभार नसलेल्या मातीला एकटा आयन ठेवून घेता येत नाही, म्हणून मीठ सबंध घ्यावे लागते. मला या दोन खनिजांची ही तुलना फार आवडते. प्रभाराचे तत्त्व यापेक्षा स्वच्छ दाखवणारा प्रयोग विरळा.

अभ्रकाची तऱ्हा तिसरीच. त्याच्या पत्र्यांवर मॉन्टमोरिलोनाइटपेक्षा कितीतरी जास्त ऋणप्रभार, आणि त्यांच्यामध्ये पोटॅशियम असे घट्ट रुतलेले की पत्रे पाण्यातही सुटत नाहीत. आयनिक द्रव आत जाऊच शकत नाही. पण अभ्रक सोलले की अणूच्या मोजमापातही सपाट असा पृष्ठभाग मिळतो, आणि त्याचा फायदा १९८८ मध्ये हॉर्न, एव्हान्स आणि निनहॅम यांनी घेतला. अभ्रकाचे दोन पातळ तुकडे वक्र काचांवर चिकटवून समोरासमोर आणायचे, मध्ये वाल्डेनचेच इथाइलअमोनियम नायट्रेट भरायचे, आणि हळूहळू दाबत न्यायचे. मधले अंतर प्रकाशाच्या व्यतिकरणाने नॅनोमीटरच्या दशांशापर्यंत मोजता येते. साधा द्रव सरळ दबत गेला असता. इथे अंतर अडत अडत, साधारण अर्ध्या नॅनोमीटरच्या पायऱ्यांनी कमी होत गेले. प्रत्येक पायरीला आयनांचा एक थर पिळून बाहेर पडत होता. भिंतीजवळ हा द्रव मोकळा द्रव राहतच नाही, थरांची शिस्त धरतो. २०१३ मध्ये इझ्रायलाश्विली यांच्या गटाने असेच मोजमाप करून सांगितले की अभ्रकाच्या प्रभाराचा प्रभाव अपेक्षेपेक्षा कितीतरी दूरवर जाणवतो. सगळा द्रव आयनांनीच भरलेला असताना तो प्रभार लगेच झाकला का जात नाही, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही.

राहिला प्रश्न सांडण्याचा. आयनिक द्रव उडत नाहीत, म्हणून हवेचे प्रदूषण होत नाही, आणि या एका गुणावर त्यांना बराच काळ ‘हरित द्रावक’ म्हणून मिरवले गेले. हे बिरुद मला कधीच पटले नाही. उडत नाही म्हणजे नाहीसे होत नाही. ते पाण्यात किंवा मातीत जाते. लांब शेपटाचे इमिडाझोलियम जीवपेशींच्या पटलात घुसते आणि पाण्यातल्या जिवांना ते शेपटाच्या लांबीबरोबर अधिकाधिक विषारी ठरते. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी एका कचराभूमीजवळच्या मातीत आठ कार्बनांच्या शेपटाचे मिथाइल-इमिडाझोलियम सापडल्याचे प्रसिद्ध केले आणि यकृताच्या एका जुनाट आजाराशी त्याचा संबंध असू शकेल अशी शंका मांडली. ती शंकाच आहे, सिद्ध झालेली नाही.

पण ते मातीत सापडले यात नवल नाही. चिकण माती अशा आयनांना धरून ठेवते, त्यामुळे वनस्पतींच्या मुळांना आणि विहिरीला त्याचा उपद्रव काही प्रमाणात कमी होतो. छोट्या शेपटाचे आयन मात्र अदलाबदलीच्या नियमाने परत सुटू शकतात; खत किंवा खारे पाणी आले की कॅल्शियम, पोटॅशियम त्यांना ढकलून बाहेर काढतात. आणि ऋण आयनाला तर कोणी धरलेलेच नसते. या ऋण आयनांपैकी टेट्राफ्लुओरोबोरेट आणि हेक्साफ्लुओरोफॉस्फेट पाण्याबरोबर हळूहळू विघटन पावून हायड्रोजन फ्लुओराइड सोडू शकतात. बिस्ट्रिफ्लिमाइड तेवढेही करत नाही; फ्लुओरिन लावलेल्या कार्बनांमुळे ते निसर्गात सहजी मोडत नाही, आणि लिथियम बॅटऱ्यांतही त्याचा वापर होतो. बिस्ट्रिफ्लिमाइडचा आयनिक द्रव काळ्या मातीवर सांडला, तर धन आयन वरच्या काही सेंटिमीटरांत अडकून बसेल आणि ऋण आयन पावसाबरोबर खाली भूजलात उतरेल. नुसत्या मातीचा नमुना तपासणाऱ्याला एक जोडीदार सापडेल. दुसऱ्यासाठी आसपासच्या विहिरीचे पाणी तपासावे लागेल, तेही एका पावसाळ्यानंतर पुन्हा.